दहा बाय पाच मीटरचं परतूर

सोयाबीनच्या शेंगा वाळायला लागल्या की जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातल्या ठरावीक शेतांत चार-पाच माणसं दोरी, टेप, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन उतरतात. कृषी सहायक, कधी तलाठी, कधी ग्रामसेवक, विमा कंपनीचा माणूस आणि ज्याचं शेत तो शेतकरी. शेत कोणतं घ्यायचं हे यांच्यापैकी कोणाच्याच हातात नसतं, गट नंबर यादृच्छिक पद्धतीनं निघून आलेला असतो. कोणत्या कोपऱ्यापासून किती पावलं आत शिरायचं, हेही आकड्यांच्या तक्त्यातून ठरतं. मग साधारण दहा मीटर बाय पाच मीटरचा आयत आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. सरकारी भाषेत हा पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळातल्या अशा मोजक्या आयतांवरून अख्ख्या मंडळाचं उत्पादन काढतात, आणि ते उंबरठा उत्पादनाच्या किती खाली गेलं यावर विम्याची भरपाई ठरते. २०२३ मध्ये राज्यानं एक रुपयात पीक विमा दिला. २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद झाली आणि भरपाईचा मोठा भार पुन्हा या आयतावर आला. आपल्या शेतात पाणी साचून सोयाबीन सडलं असेल, पण नंबर निघालेल्या शेतात चांगलं पिकलं असेल, तर बांधावरून बघत राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

हा आयत दहा बाय पाचचा का, एक बाय एकचा का नाही, याचं उत्तर सातारा जिल्ह्यातल्या बुध गावापर्यंत जातं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म तिथे १९११ मध्ये झाला. फर्ग्युसनमध्ये गणित, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्राची डॉक्टरेट. परत आल्यावर नोकरीसाठी ते बनारसला गेले, तेव्हा मदनमोहन मालवीयांनी त्यांना विचारलं की या विद्येचा भुकेल्या देशाला उपयोग काय, असं सांगतात. सुखात्मे पुढे कृषी संशोधन परिषदेत गेले आणि विनायक गोविंद पानसे यांच्यासोबत त्यांनी देशभर पीक कापणीची पद्धत बसवली. त्या काळात कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस लहान आकाराचे कापे वापरत होते. वेळ वाचतो, खर्च वाचतो. सुखात्मेंनी दाखवून दिलं की चौकट जितकी लहान तितकं उत्पादन फुगतं, कारण कडेवरची ताटं मोजणाऱ्याच्या हातून नकळत आत ओढली जातात. दोघेही आपापल्या जागी मोठे आणि भांडण कडाक्याचं. परतूरच्या शेतात आज जो मोठा आयत पडतो, त्यात त्या भांडणाचा निकाल आहे.

सुखात्मे १९५१ मध्ये रोमला गेले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख म्हणून जवळपास वीस वर्षं त्यांनी जगाची भूक मोजली. दोन तृतीयांश जग उपाशी आहे, हे तेव्हा सगळीकडे उगाळलं जाणारं वाक्य. त्यांनी ते आकडेमोडीनं खोडलं आणि पोटभर न खाणारे दहा ते पंधरा टक्के, तर निकस खाणारे त्याहून पुष्कळ जास्त, असा हिशेब मांडला. आज आंतरराष्ट्रीय विकास आणि शासनव्यवहार या नावानं ज्या क्षेत्रात हजारो लोक नोकऱ्या करतात, त्याची पायवाट पाडणाऱ्या पहिल्या मराठी माणसांपैकी हे एक. पदवी मात्र गणिताची.

मला या लेखात एवढंच पाहायचं आहे. परतूरसारख्या तालुक्याची गरिबी, दुष्काळ, शाळा, पाणी यांवर ज्यांनी लिहिलं आणि ज्यांच्या लिहिण्यावरून धोरणं ठरली, ती माणसं आधी कोण होती? कारण जो ज्या कामातून आला, त्याला गावात तेच आधी दिसलं.

सुरुवात एका रसायनशास्त्रज्ञानं केली. हॅरल्ड मॅन हा यॉर्कचा माणूस, चहामळेवाल्यांच्या संघटनेसाठी माती तपासायला आसामात आलेला. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला आणि १९१७ मध्ये त्यानं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १५६ खातेदार, जमिनीचे ७१८ तुकडे, बहुतेक एकराच्या आतले. गावातल्या जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांचं शेती आणि बाहेरची मजुरी मिळूनही भागत नव्हतं. मातीचा नमुना तपासणाऱ्यानं माणसांचा नमुनाही तशाच शिस्तीनं तपासला, कर्जाचा आकडा, व्याजाचा दर, सगळं. आज पिंपळे सौदागरमध्ये एकर सापडणार नाही, चौरस फूट सापडतात.

मॅनला तुकड्याचा आकार खुपला. त्याच सुमारास, १९१८ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या भीमराव आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला आणि प्रश्नच फिरवला. तुकडा लहान की मोठा हे त्या तुकड्यावर किती भांडवल आणि किती अवजारं आहेत यावर ठरतं, नुसत्या एकरांवर नाही. जमिनीवर जास्तीची माणसं बसली आहेत, त्यांना उद्योगात काम द्या. एकच दख्खनचं शेत, पण दोन विद्या दोन ठिकाणी बोट ठेवतात. कृषी खात्यानं पुढची कित्येक वर्षं तुकडेजोड धरून ठेवली, तेव्हा त्यानं कोणाचं ऐकलं हे उघड आहे.

परतूर तेव्हा या सगळ्याच्या बाहेर होतं. निजामाचं राज्य, परभणी जिल्हा. १९०० च्या आसपास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली आणि मनमाड ते सिकंदराबाद मार्गावर परतूर स्टेशन झालं. कापूस बाहेर जाऊ लागला. १९२९-३० मध्ये एस. केशव अय्यंगार यांनी निजामाच्या राज्यात आर्थिक पाहण्या केल्या, पण मराठवाड्यातला मुलगा स्वतः पाहणी करणारा होईल अशी सोय नव्हती. पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबादची वाट धरावी लागे. १९५० मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला महाविद्यालय काढलं, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. म्हणजे मॅनच्या पुस्तकानंतर चाळीस वर्षांनी.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा औरंगाबादचे तालुके तोडले आणि परभणीचं परतूर जोडलं. पुढे परतुरातून मंठा वेगळा निघाला. त्यामुळे परतूरचा जुना इतिहास हवा असेल तर १९६७ चं परभणी गॅझेटिअर काढावं लागतं आणि नवा हवा असेल तर जालन्याच्या रकान्यात शोधावा लागतो. आकड्यांची सलग ओळ मिळतच नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत तर मराठवाड्याचे सगळे जिल्हे एकाच प्रदेशात मोडतात. तालुका तिथे दिसणं शक्यच नाही.

१९७२ चा दुष्काळ आला आणि अभ्यासकांची रीघ लागली. त्यातला सगळ्यात विलक्षण माणूस वुल्फ लाडेजिन्स्की. युक्रेनमधला ज्यू, १९२२ मध्ये अमेरिकेत पोहोचलेला, सुरुवातीला खिडक्या पुसून पोट भरणारा. कोलंबियात शिकला, अमेरिकेच्या कृषी खात्यात लागला, महायुद्धानंतर जपानात जमीनदारी मोडून कुळांना जमीन देण्याच्या कामात मॅकआर्थरच्या हाताखाली त्याचं डोकं चाललं. १९५४ मध्ये त्याच्याच खात्यानं त्याला सुरक्षेच्या कारणावरून काढलं. मग व्हिएतनाम, फोर्ड फाउंडेशन आणि शेवटी जागतिक बँकेच्या दिल्ली कार्यालयात. सत्तरी ओलांडलेला हा माणूस महाराष्ट्राच्या दुष्काळी भागात फिरला आणि फेब्रुवारी १९७३ मध्ये त्याचा लेख मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. शंभर वर्षांत असा दुष्काळ नव्हता, असं त्याच्या मथळ्यातच होतं. जमीन कोणाच्या नावावर आहे हे आयुष्यभर विचारत आलेला माणूस खडी फोडणाऱ्यांच्या रांगेतही तेच बघतो: एरवी मजुरीला न जाणारा जमीनवाला शेतकरीही तिथे उभा आहे.

काही वर्षांनी बेल्जियममधून आलेल्या ज्याँ द्रेझनं तोच दुष्काळ कागदपत्रांतून पुन्हा उघडला. हा गणिती अर्थशास्त्राचा विद्यार्थी, इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात शिकून दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत डॉक्टरेट केलेला, पुढे भारताचा नागरिक झालेला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. धान्याचं उत्पादन इतकं कोसळूनही बंगालच्या दुष्काळासारखी प्रेतं रस्त्यावर का पडली नाहीत, हा त्याचा प्रश्न. उत्तर मजुरीत होतं. हातात पैसा होता म्हणून धान्य त्या दिशेनं सरकलं. आमच्याकडे जुनी माणसं अजूनही त्या सालाला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणताना सुकडी आणि मिलोची आठवण काढतात, हजेरीपटाची नाही. पण वाचवलं ते हजेरीपटानं.

रोजगार हमी योजना त्यातूनच पक्की झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव भागात बीज टाकलं होतं, कायदा १९७७ मध्ये झाला, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पैसा कुठून आला हे फार थोड्यांना माहीत असतं: १९७५ मध्ये पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा कापले जाणारे चार पैसे परतूरच्या नाला-बांधावर येत होते.

त्या मजुराला पोटासाठी किती लागतं, यावर झालेला वाद मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुरस भाग वाटतो. अर्थतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि डॉक्टर, तिघेही मजुराच्या भाकरीवरून भांडले.

विनायक महादेव दांडेकर यांचा जन्म सातारचा, साल १९२०. संख्याशास्त्र शिकायला ते कलकत्त्याला गेले, १९४५ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत आले. १९७१ मध्ये नीळकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या दारिद्र्यावर पुस्तक लिहिलं. फोर्ड फाउंडेशनच्या पुढाकारातून निघालेलं हे काम. माणसाला रोज सरासरी २२५० कॅलरी लागतात, तेवढं अन्न ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी रेषा त्यांनी ओढली. ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के लोक त्या रेषेखाली निघाले.

रोमहून निवृत्त होऊन पुण्यात परतलेल्या सुखात्मेंना हे पटलं नाही. माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर कमी-जास्ताशी जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीलाच सीमारेषा मानलं तर धडधाकट माणसंही उपाशी ठरतात, असं त्यांचं म्हणणं. रेषा खाली आली की गरिबांचा आकडा निम्म्यावर येतो. दांडेकरांनी १९८१-८२ मध्ये सविस्तर उत्तरं दिली. दोघेही सातारचे, दोघेही संख्याशास्त्रज्ञ, दोघेही पुण्यात, आणि वाद विचलनाच्या सूत्रावर. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं सुखात्मेंच्या मुद्द्यात दम होता, हे मान्य करायला हवं. पण कमी खाऊन शरीर ‘जुळवून घेतं’ म्हणजे नेमकं काय घडतं, हे दोघांपैकी एकालाही नाडीवर हात ठेवून पाहायचं नव्हतं.

ते काम वर्ध्याजवळ राहणाऱ्या तरुण डॉक्टरनं केलं. अभय बंग यांनी शेतमजुरांच्या किमान वेतनासाठी पागे समितीनं केलेला आहाराचा हिशेब उलटा तपासला. उन्हात खोदकाम करणाऱ्या बाईमाणसाला किती कॅलरी लागतात, घरात खाणारी तोंडं किती, कमावते किती, हे धरलं की समितीचा आकडा फारच तोकडा निघत होता. रोज चार रुपयांची मजुरी पुढे बारावर गेली, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा मानतात. आणि लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ मध्ये रोजगार हमी योजनेचा स्त्रियांच्या बाजूनं अभ्यास केला. हजेरीपटावर बायका इतक्या मोठ्या संख्येनं का आहेत, हे त्यांनी विचारलं. धनंजयराव गाडगीळांची कन्या सुलभा ब्रह्मे यांनी तोच दुष्काळ सिंचनाच्या नियोजनाशी जोडला. एकाच हजेरीपटाकडे हे सगळे पाहत होते आणि प्रत्येकाला वेगळा रकाना दिसला.

१९८३ मध्ये राज्य सरकारनं प्रादेशिक असमतोलाचा शोध घ्यायला समिती नेमली. अध्यक्ष पुन्हा वि. म. दांडेकर. संख्याशास्त्रज्ञाला अन्याय मोजायला सांगितला की तो काय करणार? सरासरी काढणार. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली आणि जो जिल्हा तिच्या खाली, त्याचा तेवढा अनुशेष. १९८४ च्या अहवालात एकूण सुमारे ३,१८६ कोटींचा अनुशेष निघाला, त्यातले सुमारे ७५१ कोटी मराठवाड्याचे. मराठवाड्यातल्या राजकारणाला पुढची तीस वर्षं पुरेल असं शब्दभांडार या एका अहवालानं दिलं. वसमतपासून परतूरपर्यंतच्या सभांत ‘अनुशेष’ म्हटल्याशिवाय भाषण संपेना. एक गोष्ट मात्र त्या पद्धतीतच राहून गेली: घटक जिल्हा होता. जिल्ह्याच्या सरासरीत जालना शहराचं स्टील आणि बियाण्यांचे कारखाने आणि परतूर-मंठ्याचा कोरडवाहू पट्टा एकाच ताटात वाढले जातात.

२०११ मध्ये हाच प्रश्न विजय केळकरांकडे गेला. केळकर मूळचे अभियंते, पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातले. मग मिनेसोटा, मग बर्कलेत विकासाच्या अर्थशास्त्रातली डॉक्टरेट. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेत काम, देशात पेट्रोलियम आणि अर्थ सचिव, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत कार्यकारी संचालक. जगाचा व्यापार पाहिलेल्या माणसानं मराठवाड्याच्या विहिरी पाहायच्या. २०१३ मध्ये सादर झालेल्या त्यांच्या अहवालात पाण्याला मोठं स्थान आहे. मराठवाड्यात त्यावर टीका झाली, ती मुख्यतः पैशाच्या वाटपावरून. आकड्यांच्या बाबतीत जालन्याची बाजू आधीच लंगडी होती. २००२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात जालना तळाच्या जिल्ह्यांत आलं होतं. तो अहवाल मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या मदतीनं झाला आणि त्याचं माप संयुक्त राष्ट्रांचं. त्यातला तळाचा जिल्हा म्हणून नाव आल्यावर योजनांचा ओघ येतो, हे आमच्याकडच्या पुढाऱ्यांना फार लवकर कळलं.

जालना जिल्ह्यात परदेशी पैशानं झालेलं सगळ्यात डोळ्यांत भरणारं काम मात्र कोणा अर्थतज्ज्ञाचं नाही. जालना तालुक्यातलं कडवंची आज द्राक्षांसाठी ओळखलं जातं. तिथलं पाणलोटाचं काम नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन कार्यक्रमातून झालं, राबवलं विजयअण्णा बोराडे यांनी उभ्या केलेल्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळानं आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं. त्या कार्यक्रमामागे अहमदनगरला आयुष्य काढलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर होते. धर्मगुरू, जर्मन करदाता, नाबार्ड आणि जालन्याचे शेतकरी, अशी ही साखळी. खरपुडीच्या मासिक चर्चासत्रांना शेतकरी वही घेऊन येतात. संशोधन हा शब्द तिथे कोणी वापरत नाही, पण प्रश्न तिथे शेतकरी विचारतो आणि उत्तर शास्त्रज्ञाला द्यावं लागतं.

२०१८ मध्ये जागतिक बँकेनं महाराष्ट्राच्या हवामान-अनुकूल शेतीसाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. आपण त्याला पोकरा म्हणतो, पाटीवरचं नाव नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. मराठवाड्याचे सगळे जिल्हे त्यात, जालनाही. गावाच्या पाण्याचा ताळेबंद हा या प्रकल्पाचा कणा. पाऊस किती, मातीची खोली किती, उतार किती, किती पाणी वाहून गेलं, किती मुरलं, पिकांना किती लागतं आणि तूट कुठे. हे गणित आयआयटी मुंबईच्या गटानं बसवलं आणि त्यामागचं एक प्रमुख नाव मिलिंद सोहोनी. सोहोनी संगणकशास्त्राचे प्राध्यापक. शिकागोतले केतन मुळमुळे आणि ते, दोघांनी मिळून गणनसंकुलतेला भूमितीच्या अंगानं भिडण्याचा एक मार्ग काढला, जगभरच्या सैद्धांतिक संगणकशास्त्रात तो अभ्यासला जातो. असा माणूस ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात येऊन नळयोजना का बंद पडतात, टँकर कुठल्या गावाला का लागतो, हे पाहायला लागला.

मला यात एक साखळी दिसते. सुखात्मेंनी चौकट दिली, दांडेकरांनी सरासरी दिली, सोहोनींच्या गटानं समीकरण दिलं. तिघेही गणिताकडून आलेले. महाराष्ट्राच्या खेड्याला गणितानं जितकं न्याहाळलं तितकं दुसऱ्या कोणत्याही विद्येनं न्याहाळलं नसेल, आणि ते बरंच झालं असं माझं मत आहे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या भाषणांपेक्षा चुकीचा का होईना, तपासता येणारा आकडा परवडतो. शेततळ्यांचंच पाहा. प्लॅस्टिक अंथरलेली तळी पावसाच्या पाण्याऐवजी विहिरीच्या पाण्यानं भरली जातात आणि भूजल उन्हात उघडं पडतं, हे २०१७ मध्ये अभ्यासक ईश्वर काळे यांनी लिहिलं, तेव्हा त्यावर भांडता आलं कारण आकडा समोर होता.

शिक्षणातही तेच. ‘प्रथम’ या संस्थेचे माधव चव्हाण रसायनशास्त्राचे. ओहायोतून डॉक्टरेट, मुंबईत रासायनिक तंत्रज्ञानाच्या विभागात प्राध्यापकी. वडील लाल निशाण पक्षाचे यशवंत चव्हाण. २००५ पासून ‘प्रथम’ची ‘असर’ ही मुलांच्या शिकण्याची पाहणी सुरू झाली: जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येकी २० घरं, आणि घरातल्या मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा परिच्छेद. शाळेत न जाता घरी जाऊन विचारायचं, ही युक्ती साधी पण जबर. मुंबईत ‘प्रथम’च्या बालसखी वर्गांवर ज्यांनी प्रयोग केला त्यांपैकी अभिजित विनायक बॅनर्जी यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्या आई निर्मला पाटणकर-बॅनर्जी, मराठी आणि स्वतः अर्थतज्ज्ञ. ‘असर’च्या या सहाशे घरांच्या पाहणीत जिल्ह्याजिल्ह्यांत दारोदार कोण फिरतं? बहुतेक ठिकाणी तिथल्याच महाविद्यालयांची पोरं.

इथे परतूर पुन्हा समोर येतं. गावातल्या लालबहादूर शास्त्री महाविद्यालयासारख्या ठिकाणी अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र शिकणारी मुलं मराठवाडा एक्सप्रेसनं औरंगाबादला जाऊन एमए करतात, सेट-नेट देतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं विकत घेतात. दरम्यान एखाद्या पाहणीचं काम मिळालं तर करतात. फॉर्ममागे पैसे, मोबाइलमधलं अॅप, संध्याकाळपर्यंत ठरलेली घरं. गावात ‘सर्वेवाला आला’ म्हणतात आणि पहिला प्रश्न तोच: यातून आम्हाला काय भेटणार? दाराशी उभ्या पोराला ज्वारीचा हंगाम, भावकीचा वाद, कोणत्या घरी मुलगी नांदत नाही, सारं ठाऊक असतं. अॅपमध्ये त्यासाठी रकाना नसतो. त्यानं नोंद केली की माहिती पुणे, मुंबई, दिल्लीला जाते, तिथे तिचा इंग्रजी अहवाल होतो, आणि अहवालावर ज्यांची नावं असतात त्यांच्या पदव्या सांख्यिकी, सार्वजनिक धोरण, अर्थशास्त्र, अभियांत्रिकी अशा. यात कोणाचा कट नाही. पण परतूरचा पोरगा या उद्योगात एकाच पायरीवरून आत येतो आणि बहुतेक वेळा त्याच पायरीवर राहतो.

तसं दार उघडायचे प्रयत्न झाले. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली, वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, वर्षभराचा अनुभव. तो अनुभव मोंढ्यातल्या दुकानात हिशेब लिहिण्याचा असेल तर चालतो का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान आलं, त्यामागेही सोहोनीच होते: जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्यातलेच प्रश्न अभ्यासायचे, नळयोजनेचं ऑडिट विद्यार्थ्यांनी करायचं, पैसे स्थानिक प्रशासनानं द्यायचे. कल्पना इतकी सरळ होती की ती मराठवाड्यातल्या कला आणि वाणिज्य महाविद्यालयांपर्यंत यायला हवी होती. तिकडे त्याच काळात मराठवाडा वॉटर ग्रिडचा आराखडा इस्रायलच्या मेकोरोत या सरकारी कंपनीकडे २०१८ मध्ये गेला.

परतूरचा पोरगा स्वतः प्रश्नावली लिहायला बसला तर पहिला प्रश्न काय लिहील, याचा मी अंदाज करू शकतो. तो लिहील: दिवाळीनंतर घरात कोण कोण राहतं? परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या पट्ट्यातून ऊसतोडीला जोड्या जातात. बीडइतकं नाव झालं नाही एवढंच. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातल्या कारखान्याचा फड. मागे घरात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं, कधी तीही नाहीत. आता पाहण्यांचं वेळापत्रक बघा. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, ऐन गाळपात. ती जोडी कोपीत मोजली गेली तर ती कोल्हापूर-सांगलीची, इथे मोजली गेली तर इथली, आणि दोन्हीकडे गणक चुकला तर कुठलीच नाही. शाळेची पटसंख्या, रेशनची गरज, नळयोजनेतलं माणशी पाणी, सगळ्यांचा पाया हाच आकडा. मोजणाऱ्यानं त्या महिन्यात परतूरच्या एसटी स्टँडवर उभं राहून पाहिलं असतं तर तारीख बदलली असती असं म्हणवत नाही, पण निदान तळटीप आली असती.

पुढच्या जनगणनेची तारीखही जाहीर झाली आहे. घरयादी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, मोबाइल अॅपवर, या वेळी जातीसह. गणक म्हणून जिल्हा परिषदेचे शिक्षक जातील. आपल्या वर्गातली कोणती मुलं डिसेंबरनंतर येत नाहीत आणि त्यांचे आईबाप कोणत्या कारखान्यावर आहेत, हे त्यांना हजेरीपत्रक न उघडताही सांगता येतं. मुकादमाच्या वहीत तर नावं, गाव, कारखाना आणि उचलीची रक्कम, सगळं एका ओळीत असतं. तालुक्यातल्या दोन-तीन महाविद्यालयांच्या अर्थशास्त्र विभागांनी त्या फेब्रुवारीच्या आधी, दिवाळीची सुट्टी संपताना, गावोगाव जाऊन कुलपं लागलेली घरं मोजली आणि ती यादी तहसीलदारांकडे दिली, तर खर्च एसटीच्या पासाइतका येईल. चौकट केवढी घ्यायची, कडेवरच्या घराचं काय करायचं, नमुना कसा काढायचा, हे सुखात्मे आणि पानसेंच्या पुस्तकात १९५४ पासून लिहून ठेवलेलं आहे.